स्टाउट आंबट लागली : भाजक्या बार्लीचा गुण की बिघाड?

घोटभर | शनिवार, रात्री ११:२०

जवळच्या एका छोट्या ब्रूअरीने या महिन्यात पहिल्यांदाच स्वतःची स्टाउट, म्हणजे भाजक्या दाण्याची काळी बिअर, नळाला लावली आहे. नाव मुद्दाम देत नाही. पुढे तक्रार आहे आणि ती खरी की माझ्या जिभेचा भ्रम, हे विचारायलाच धागा काढलाय.

फळ्यावर लिहिलं होतं : ड्राय (गोडवा नसलेली) स्टाउट, ४.६ टक्के. नायट्रो (नायट्रोजन मिसळलेला वायू) नाही, साधा कार्बन डायऑक्साइड. नुकतंच उघडलं होतं, गर्दी नव्हती, त्यामुळे पेला लगेच आला. रंग काळा, पण दिव्यासमोर तिरका धरला की तळाच्या कडेला डाळिंबी झाक. फेस बिस्किटी, दोन बोटं. पाच मिनिटांत एका बोटावर आला, पण उतरताना काचेवर जाळी सोडत गेला. पेला नीट धुतलेला होता, तेव्हा त्या बाबतीत तक्रार नाही.

वास सुरुवातीला शून्य, कारण दात ठणकतील इतकी गार दिली होती. दोन्ही तळव्यांत पेला धरून बसलो. दहाएक मिनिटांनी वास उलगडायला लागला. आधी नुकतीच दळलेली कॉफी, मग कडू चॉकलेट, त्यामागे पावाची करपलेली कड. घोट घेतला तर अंग रंगाच्या मानाने हलकं, जवळजवळ चपळ म्हणावं असं. गोडवा नाममात्र. शेवटी कडवटपणा येतो, तो हॉप्सचा (बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा) कमी आणि भाजक्या दाण्याचा जास्त. इथपर्यंत मी खूश होतो. पण घोट गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांवर लिंबाची रेघ ओढल्यासारखा आंबटपणा उरला, आणि तो जाता जाईना.

सोबत मावसभाऊ होता. तो लागरशिवाय, म्हणजे नेहमीच्या फिक्या बिअरशिवाय, काही पीत नाही. त्याने एक घोट घेतला, पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "बिघडलीय." मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं, की भाजकी बार्ली मुळात आम्लधर्मी असते, ड्राय स्टाउटमध्ये हा आंबूस चटका अपेक्षितच असतो, सवय नसली की तो खटकतो वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःसाठी लागर मागवली.

घरी येईपर्यंत माझाच माझ्या प्रवचनावरचा विश्वास डळमळला. जाणकारांनी सांगावं.

फेसपावडर | शनिवार, रात्री ११:४१

पंधरा मिनिटं! त्या बिचाऱ्या मावसभावाला माझ्याकडून एक पेला.

बाकी वर्णन झकास. तळव्यात पेला धरून बसलेले तुम्ही डोळ्यांसमोर आलात.

थेंबेथेंबे | रविवार, सकाळी ८:०५

नवशिक्याचा प्रश्न, हसू नका. स्टाउट आणि पोर्टर यांत फरक काय? आणि स्टाउट म्हणजे जड, कडक, पोट भरणारी असं ऐकून होतो. ४.६ टक्के म्हणजे साध्या लागरइतकीच झाली की.

जुनंपुराणं | रविवार, सकाळी ९:३०

हसायचं काय त्यात? हा प्रश्न भल्याभल्यांना अडचणीत आणतो.

स्टाउट हे आधी नुसतं विशेषण होतं. अर्थ दणकट. १६७७ च्या एका इंग्रजी हस्तलिखितात ते बिअरला लावलेलं सापडतं आणि तेव्हा त्याचा काळ्या रंगाशी काडीचा संबंध नव्हता. जी कडक ती स्टाउट, मग रंगाने फिकी का असेना. पुढे अठराव्या शतकात लंडनमध्ये पोर्टर आली. ओझी वाहणाऱ्या हमालांची लाडकी, म्हणून ते नाव. तिची कडक आवृत्ती म्हणजे स्टाउट पोर्टर. बोलता बोलता मागचा शब्द गळून पडला आणि विशेषणाचंच नाम झालं. त्यामुळे आज दोघींमध्ये ठाम रेघ ओढायला जाल तर फसाल. साधारणपणे भाजक्या बार्लीची कॉफीसारखी चव पुढे असेल तर ब्रूअर स्टाउट म्हणतात, चॉकलेट-टॉफीकडे झुकली तर पोर्टर. पण हा संकेत मोडणाऱ्या बिअर ढिगाने आहेत.

आता रंगाची गोष्ट, ती मला जास्त आवडते. सुरुवातीची पोर्टर तपकिरी माल्टची (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) असायची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रूअरांच्या हाती हायड्रोमीटर (साखर किती उतरली ते मोजायचं उपकरण) आला आणि हिशेब उघडा पडला : तेवढ्याच वजनाचा फिका माल्ट घेतला तर साखर जास्त निघते, म्हणजे तपकिरी माल्ट आतबट्ट्याचा. मग फिका माल्ट वापरून वर भलतंसलतं घालून रंग आणायची पळवाट निघाली. ब्रिटनने १८१६ मध्ये कायदा करून माल्ट आणि हॉप्सखेरीज सगळं बंद केलं. आता फिक्या माल्टची काळी बिअर करायची कशी? १८१७ मध्ये डॅनिएल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट काळा होईस्तोवर भाजायचं पेटंट घेतलं, कॉफी भाजतात तसंच. असा माल्ट मूठभर घातला तरी सगळा हंडा काळा. आज ज्याला आपण स्टाउटचा रंग म्हणतो तो या पेटंटातून आलाय.

घोटभर ज्या भाजक्या बार्लीचं प्रवचन देत होते ती, म्हणजे माल्ट न करता थेट भाजलेली, आणखी नंतरची. ब्रिटनमध्ये १८८० ला करपद्धत बदलली, त्यानंतरच ती वापरायची मुभा मिळाली.

अर्धापेला | रविवार, सकाळी ९:५२

यापुढे प्रसिद्ध गिनेस स्टाउटच्या डब्लिनमधल्या ब्रूअरीचा ९००० वर्षांचा भाडेकरार येणार. १७५९ साल, आर्थर गिनेस, वर्षाला ४५ पाउंड. मीच लिहून टाकलं, तुमचे कष्ट वाचवले.

जुनंपुराणं | रविवार, सकाळी १०:०३

दुष्ट माणूस. टंकून ठेवलं होतं ते पुसलं.

अर्धापेला | रविवार, सकाळी १०:१५

@थेंबेथेंबे, जडपणाचं विचारलंत. काळा रंग बघून मेंदू आधीच ठरवतो की हे घट्ट आहे. नळावरची साधी गिनेस ४.२ टक्के असते, आणि उष्मांक बव्हंशी अल्कोहोल आणि उरलेली साखर यांतून येतात, रंगातून नाही. त्यामुळे पाच टक्क्यांच्या बहुतेक लागरपेक्षा ती हलकीच भरते. भाजका दाणा एकूण धान्याच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतो, बाकी बहुतेक फिका माल्टच.

स्टाउट तब्येतीला चांगली, हाही जाहिरातीचा महिमा. गिनेसने १९२९ मध्ये तशी जाहिरातच केली होती. लोह वगैरे सांगतात ते नगण्य. आवडते म्हणून प्या, औषध म्हणून नको.

जड हवीच असेल तर इम्पीरियल स्टाउट आहे, आठ ते बारा टक्के. ती घोटाघोटाने, छोट्या पेल्यात, आणि परतताना गाडी दुसऱ्याने चालवायची.

हंडाकळशी | रविवार, दुपारी १:१०

घोटभर, मूळ प्रश्न राहिलाच. मी काही वर्षं एका ब्रूअरीच्या तळघरात काम केलंय, आता घरच्या घरी छोटे हंडे लावतो. माझ्या मते प्रवचनातला सिद्धांत बरोबर आहे. तो तुमच्या पेल्याला लागू होतो का, हा वेगळा प्रश्न.

आधी सिद्धांत. बिअर मुळातच आम्लधर्मी, पीएच साधारण चार ते साडेचार. भाजका दाणा त्यात भर घालतो. म्हणून स्टाउटला क्षारयुक्त, कार्बोनेटवालं कठीण पाणी मानवतं. डब्लिनचं पाणी तसलंच. फिक्या माल्टची नाजूक लागर त्या पाण्यात नीट जमली नसती, पण काळ्या दाण्याचं आम्ल आणि पाण्यातले क्षार एकमेकांना झेलतात आणि मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या दाण्याचा) पीएच हव्या त्या जागी येतो, ५.२ ते ५.६ च्या दरम्यान. उलट मऊ पाण्यात, किंवा आरओच्या पाण्यात काही न घालता तेवढाच काळा दाणा टाकला, तर पीएच खाली घसरतो आणि बिअर टोचरी होते. नव्या ब्रूअरी पहिल्या स्टाउटला हमखास इथे ठेचकाळतात. मीही ठेचकाळलोय. माझा पहिला हंडा प्यायल्यावर जीभ सॅंडपेपरने घासल्यासारखी झाली होती. तेव्हा मी त्याला "ठसकेदार" म्हणून मित्रांना पाजला, देव मला क्षमा करो. आता काळा दाणा मॅशच्या अगदी शेवटी घालतो, किंवा रात्रभर गार पाण्यात भिजवून त्याचा अर्क नंतर ओततो.

पण आंबटाची दारं आणखी आहेत. एक म्हणजे खुद्द वायू. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं, सोड्याचा चटका असतो तोच. दुसरं दार लॅक्टिक जंतूंचं. हा आंबटपणा दह्यासारखा गोलसर, आणि पेडिओकॉकस असेल तर जोडीला लोण्याचा वास येतो. तिसरं अ‍ॅसिटिक, म्हणजे व्हिनेगर. ते नाकातच टोचतं. त्या जंतूंना हवा लागते, म्हणून ते पिंपात क्वचित, पण नळाच्या तोंडाशी आनंदाने राहतात. रात्रभर बंद राहिलेल्या नळाचा सकाळचा पहिला पेला त्यांचा.

आणि तुम्ही लिहिलंय की नुकतंच उघडलं होतं.

फेसपावडर | रविवार, दुपारी १:२५

अरे बापरे. रहस्यकथाच की ही.

घोटभर | रविवार, दुपारी २:४०

ते वाक्य मी गर्दी नव्हती हे सांगायला लिहिलं होतं!

नाकात टोचलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. पण वास घेताना पेला बर्फगार होता आणि नंतर मी कॉफी शोधण्यात गुंग. शोधायला गेलं की शोधलेलंच सापडतं.

आता करायचं काय? परत जाऊन त्यांना "तुमचा नळ घाण आहे" म्हणणं जिवावर येतंय.

हंडाकळशी | रविवार, दुपारी ३:०५

म्हणूच नका. आधी स्वतः खात्री करा. पेला आला की चमच्याने खळखळून ढवळा. वायू निघून गेला आणि चटका पण गेला, तर विषय संपला. चटका राहिला तर त्याच नळाचा चौथा-पाचवा पेला मागवून पहिल्याशी ताडून बघा. आणि ब्रूअरशी ओळख काढता आली तर थेट टाकीतून घोटभर चव मागा. टाकीत आंबट आणि नळाला आंबट, तर पाणी-दाण्याचा किंवा हंड्याचाच दोष. टाकीत स्वच्छ आणि नळाला आंबट, तर मधल्या नळीचा किंवा तोटीचा. बहुतेक ब्रूअर अशी विचारणा झाली की वैतागत नाहीत, उलट खुलतात.

थोडी कोमट होऊ द्या मात्र. दहा-बारा अंशांवर दोष लपत नाहीत.

नीरक्षीर | रविवार, रात्री ९:१५

सल्ला चांगला, पण एक भोक आहे. घोटभरना आता माहीत आहे की कुठला पेला टाकीचा. त्यामुळे टाकीचा स्वच्छच लागणार. २००१ चा बोर्दोचा प्रयोग आठवा : ५४ जणांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तर तिचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. त्यांचं नाक खोटं बोलत नव्हतं, डोळ्यांनी आधीच निकाल दिला होता.

त्रिकोणी चाचणी करा. प्रत्येकासमोर तीन पेले, दोन एकाच बिअरचे, एक दुसरीचा, क्रम चिठ्ठ्या टाकून. "चांगली कुठली" असं विचारायचं नाही, फक्त "वेगळा कुठला" एवढंच. अंदाजपंचे सांगितलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच. तेव्हा सहा जण असतील तर चार बरोबर आले म्हणून नाचू नका. निव्वळ नशिबाने चार किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ७२९ मध्ये ७३ आहे, म्हणजे दहा टक्के. पाच किंवा सहा बरोबर यायची शक्यता ७२९ मध्ये १३, दोन टक्क्यांहून कमी. पाच आले तर मी मानेन.

आणि हे स्टाउटच्या धाग्यावर अवांतर नाही बरं का. थोडक्या नमुन्यांवरून निष्कर्ष किती ताणायचा, याचं गणित गिनेसच्याच नोकरीतल्या माणसाने मांडलं. विल्यम गॉसेट. कंपनी नावाने छापू देईना, म्हणून १९०८ मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने लेख लिहिला. कॉलेजात ज्या टी-टेस्टने छळलं ती हीच.

थेंबेथेंबे | रविवार, रात्री ९:३०

स्टुडंट्स टी-टेस्ट म्हणजे विद्यार्थ्यांना छळायची टेस्ट असं मी तीन वर्षं समजत होतो. वाचनखूण साठवली.

अर्धापेला | सोमवार, सकाळी ७:५०

बिअर प्यायला माणसं मोजायची आणि ७२९ ने भागायचं. कुठे नेऊन ठेवलाय धागा आमचा.

(ह. घ्या. मीही येतो चाचणीला, जवळ असतो तर.)

घोटभर | शनिवार, रात्री १०:३०

मंडळी, झाली चाचणी. सविस्तर लिहितो.

तिथल्या ब्रूअर बाईंना दोन दिवस आधी गाठलं. घाबरत घाबरत, "आम्हाला चव घ्यायचा सराव करायचाय" असं काहीतरी बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आंबट लागली ना?" दोघातिघांनी आधीच सांगितलं होतं म्हणे. त्यांचा स्वतःचा संशय पाण्यावर होता. टाकीतून द्यायला आनंदाने तयार झाल्या. टाकीची आणि नळाची, दोन्हीचा वायू सारखाच असल्याने फेसावरून ओळखू यायची भीती नव्हती.

आज उघडल्याउघडल्या आम्ही सहा जण हजर. मावसभावाला ओढून नेलं, माणसं कमी पडत होती म्हणून. दिवसाचा पहिला जग नळातून काढला, दुसरा टाकीतून. दोन्ही झाकून अर्धा तास बाहेर ठेवले, थंडपणा मरायला. बाईंनी चिठ्ठ्या टाकून पेले भरले. तीन जणांना नळाचे दोन आणि टाकीचा एक, तीन जणांना उलट. आम्ही पाठमोरे. एकमेकांकडे बघायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही.

पाच बरोबर.

सहावा चुकलेला मी.

मला तिन्ही पेल्यांत कॉफी, चॉकलेट, करपलेली कड सगळं सापडत होतं. तिसऱ्यात आंबट जास्त वाटलं म्हणून तो सांगितला. तो दोन सारख्यांपैकी निघाला. मावसभावाने मात्र तिन्हींचा एकेक घोट घेतला, पाचव्या सेकंदाला मधला पेला पुढे सरकवला. त्याच्या संचात टाकीचा एकच होता आणि तो हाच. नंतर विचारलं कसं ओळखलंस, तर म्हणे, "हा बिघडलेला नव्हता."

मग ढवळून पाहिलं. नळाच्या बिअरमधला चटका कमी झाला, पण गेला नाही. ढवळलेल्या पेल्यावर नाक नेलं आणि या वेळी कॉफी शोधायची नाही असं बजावलं, तर खरंच, मागे कुठेतरी व्हिनेगरची बारीक सुई होती. मागच्या शनिवारीही असणार.

बाईंनी तिथेच तोटी उघडली. आत तपकिरी बुळबुळीत थर. बाकीच्या नळांची सफाई वेळापत्रकानुसार होत होती. हा नळ याच महिन्यात जोडलेला, त्यामुळे यादीत त्याचं नावच चढलं नव्हतं. त्या माझ्यापेक्षा जास्त ओशाळल्या. मी म्हटलं, मी तर याला शैलीचं वैशिष्ट्य म्हणत होतो.

फेसपावडर | शनिवार, रात्री १०:४८

"हा बिघडलेला नव्हता." 😂 मावसभावाला आयडी काढून द्या इथे!

नीरक्षीर | शनिवार, रात्री ११:०२

पाचला मानेन म्हटलं होतं, मानलं. आणि चुकलेला निकाल न लपवता लिहिलात याबद्दल दंडवत. बहुतेक जण तो सहावा पेला "सर्दी होती" म्हणून मोजणीतून काढतात.

जुनंपुराणं | रविवार, सकाळी ८:४०

घोटभर, फार ओशाळू नका, तुमच्या बाजूने इतिहास उभा आहे. जुनी पोर्टर आंबूस असायचीच. लंडनच्या ब्रूअरी ती अवाढव्य लाकडी पिंपांत महिनोन्महिने मुरवत ठेवत. पिंपं किती मोठी? १७ ऑक्टोबर १८१४ ला म्यू कंपनीच्या ब्रूअरीतलं २२ फूट उंचीचं पिंप फुटलं, लोंढा शेजारच्या वस्तीत शिरला आणि आठ जण दगावले. अशा पिंपांत मुरताना बिअर आंबायची, आणि ती मुरलेली बिअर ताजीत मिसळून विकायचे. त्या मुरलेल्या चवीमागचं यीस्ट कार्ल्सबर्ग या डॅनिश ब्रूअरीच्या क्लाउसेनने १९०४ मध्ये वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं ब्रेटानोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी. तेव्हा आंबटपणा हा स्टाउटच्या घराण्यातलाच आहे.

हंडाकळशी | रविवार, सकाळी ९:२०

जुनंपुराणं, माहिती उत्तम, वकिली वाईट. मुद्दाम मुरवलेली बिअर वेगळी आणि न धुतलेली तोटी वेगळी. पहिलीत कुणीतरी चाखत, मिसळत, ठरवत होतं. दुसरीत कुणाचं लक्षच नव्हतं.

नळ्यांची सफाई दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकच्या द्रावणाने, आणि तोटी सुटी करून ब्रशने. दर तीन महिन्यांनी आम्लाचा हात, कारण कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा बसतो तो कॉस्टिकने निघत नाही, आणि त्या खडबडीत थरात जंतूंना घर मिळतं. बाईंना हे माहीत असणारच, यादीतून सुटलं इतकंच. मी तळघरात असताना आमच्याकडे एक नळ दीड महिना असाच सुटला होता. आम्ही तेवढे दिवस माल्टच्या पोत्यांना दोष देत होतो.

फेसपावडर | रविवार, सकाळी ९:४५

मला मुळात स्टाउट नायट्रोच आवडते. तो मऊ फेस, बुडबुडे खाली जातात ते बघत बसायचं. नायट्रोवर घालायला सांगा ना त्यांना.

हंडाकळशी | रविवार, सकाळी १०:३०

घालतीलही. पण फेसपावडर, ही नायट्रोवर असती तर हा दोष इतक्या लवकर सापडला नसता.

नायट्रोच्या पिंपात साधारण सत्तर-पंचाहत्तर टक्के नायट्रोजन आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड असतो. नायट्रोजन बिअरमध्ये विरघळायला नाखूश, म्हणून दाब जास्त लावावा लागतो, आणि तोटीत बारीक भोकांची चकती असते. तिच्यातून दाबून बाहेर येताना त्याचे इवलेसे बुडबुडे होतात. गिनेसने ही युक्ती १९५९ मध्ये बाजारात आणली, मायकेल अ‍ॅश या त्यांच्याच माणसाने बसवलेली. आता गंमत अशी की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड अशा बिअरमध्ये निम्म्यावर येतो, म्हणजे सोड्याचा चटका तेवढा कमी. वर सायीसारखा फेस. कडू, आंबट, टोचरं सगळं गुळगुळीत होतं. चांगली स्टाउट नायट्रोवर अधिक मवाळ लागते, सदोष स्टाउट नायट्रोवर बरी लागते. म्हणून नवी बिअर पारखायची तर मी साध्या वायूवर मागतो.

बुडबुडे खाली जात नाहीत सगळे, तो काचेजवळचा खेळ आहे. पेला वर रुंद, खाली निमुळता. मधोमध बुडबुड्यांची गर्दी वर चढते, सोबत बिअरही चढते, आणि ती कडेने परत खाली येताना काचेलगतचे बारके बुडबुडे ओढून नेते. आपल्याला दिसते फक्त कड. आयर्लंडमधल्या लिमरिकच्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये दाखवलं की पेला उलट आकाराचा घेतला तर कडेचे बुडबुडे वर जातात.

थेंबेथेंबे | रविवार, सकाळी ११:१०

काल धीर करून आयुष्यातली पहिली स्टाउट घेतली. (दुसरीकडे. मिल्क स्टाउट होती.) दूध घातलेलं असतं का हो त्यात? गोड होती, आवडली, पण सांगायला लाजलो.

अर्धापेला | रविवार, सकाळी ११:३५

दूध नाही, दुधातली साखर, लॅक्टोज. बिअरच्या यीस्टला ती पचवता येत नाही, म्हणून ती तशीच उरते आणि अंगाला भरीवपणा देते. साध्या साखरेच्या मानाने तिचा गोडवा पाचव्या हिश्श्याइतकाच. मात्र ज्यांना दूध बाधतं त्यांना ही स्टाउटही बाधू शकते, तेवढं ध्यानात ठेवा. आणि लाजताय कसले? गोड आवडली तर आवडली. पुढच्या वेळी ओटमील स्टाउट घ्या. ओट्समुळे रेशमी होते, गोडवा बेताचा. तिथून ड्रायकडे या, घाई नाही.

घोटभर | पुढचा शनिवार, रात्री ९:५०

शेवटची बातमी. आज पुन्हा जाऊन आलो. तोटी नवी, नळी धुतलेली, हा नळ आता यादीत. उघडल्याउघडल्या पहिलाच पेला मुद्दाम मागितला, अर्धा तास ठेवला, नाक आधी.

सुई नाही. कॉफी आहे, चॉकलेट आता जास्त पुढे आलंय, आणि मागच्या वेळी न दिसलेलं सुक्या अंजिरासारखं काहीतरी शेवटी रेंगाळतं. आंबटपणा पूर्ण गेलेला नाही. कडवटाच्या आत मुरलेली एक पुसट धार आहे, घोट गिळताच विरते, जिभेच्या कडांवर रेघ ओढत नाही. ही बहुधा बार्लीची. म्हणजे पंधरा मिनिटांच्या प्रवचनातली दोन मिनिटं खरी होती.

अंग मात्र मला अजूनही जरा पातळ वाटतं. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या हंड्यात थोडे बार्लीचे पोहे घालून बघतात, आणि पाण्यात क्षार वाढवायचेत ते वेगळंच. पाण्याचा संशय त्यांनी सोडलेला नाही.

मावसभावाला या धाग्याचा दुवा पाठवलेला नाही. इथल्याही कुणी पाठवू नये, ही नम्र विनंती.